कार्पचा गळ: आधी काय करायचं, मग काय, आणि माणसं नेमकी कुठे चुकतात

आपल्या जळगावकडे वाघूर धरणावर, हतनूरच्या बॅकवॉटरला नाहीतर गिरणेच्या एखाद्या डोहावर रॉड लावून बसलेल्या माणसाला नवीन पोरगं येऊन पहिलं हेच विचारतं, "भाऊ, कणकेत काय टाकलंय?" मग कुणी मेथी सांगतं, कुणी खसखस, कुणी बडीशेप, आणि ते पोरगं तेवढंच घेऊन घरी जातं. पुढच्या रविवारी तीच कणीक, तीच मेथी आणि हात रिकामे. कारण मासा कणकेमुळे सुटत नाही भो. गाठ कोरडी ओढली म्हणून सुटतो, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा रीलमधून लाइन किती जोराला सुटेल ते ठरवणारा ब्रेक) आवळून ठेवला म्हणून सुटतो, गळ बोथट होता म्हणून सुटतो, आणि जिथे मासा नव्हताच तिथे दिवसभर बसलं तर तो लागणार तरी कुठून. माझ्या मते आमिष हे चौथ्या नंबरचं काम आहे आणि लोक ते पहिलं करतात, बाकीची तीन करतच नाहीत. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, आणि क्रम मोडू नका एवढीच कळकळीची विनंती आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. कार्प म्हटलं की सगळे मासे एकाच ठिकाणी खात नाहीत. कॉमन कार्प, ज्याला बरेच जण सायप्रिनस म्हणतात, तो तळ उकरून खातो. मृगळ पण तळाशीच. रोहू मधल्या थरात फिरतो, कटला वरच्या थरात. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, पाण्यातलं गवत, शेवाळ खातो पण मका आणि ब्रेडलाही येतो. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, पाणी गाळून बारीक जीव खातो, त्याच्या मागे गळ घेऊन लागू नका. खाली जे सांगतोय ते मुख्यतः तळाशी खाणाऱ्या कॉमन कार्प आणि मृगळसाठी आहे, रोहूलाही बऱ्यापैकी चालतं. कटल्याचं एका ठिकाणी वेगळं सांगितलंय.

## टप्पा १: परवानगी आणि पाण्याची चौकशी

आपल्याकडची बरीचशी धरणं आणि तलाव मत्स्य व्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांनी बीज सोडलेलं असतं, त्यावर कितीतरी घरं चालतात. त्यामुळे काठावरच्या गावात जाऊन आधी विचारायचं, गळाला परवानगी आहे का, पावती लागते का, किती मासे नेता येतात. धरणाची भिंत आणि दरवाज्यांजवळचा भाग वर्ज्यच समजा. भोई बांधवांनी जाळं लावलेलं असेल तर त्याच्या आडवा गळ फेकायचा नाही. दोन शब्द नीट बोललात तर तीच माणसं तुम्हाला जुनं पात्र कुठून जातं, बाभळीची खोडं कुठे बुडालीत हे सांगतात, आणि ही माहिती कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

पावसाच्या सुरुवातीला रोहू, कटला, मृगळ अंडी घालायला वाहत्या पाण्याकडे चढतात. त्या दिवसांत पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्या. मी तर म्हणतो नवीन पाणी येतं तेव्हा ओढ्या-नाल्यांच्या तोंडावर बसूच नका.

सावधान: पाणी कधी सुटणार आहे हे निघायच्या आधी विचारा. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, पावसाळ्यात वर पाऊस झाला की ते उघडतात आणि खाली तापीचं पात्र बघता बघता भरतं, मग आपल्या डोक्यावर ऊन का असेना. गिरणेचं तर उन्हाळ्यातसुद्धा आवर्तन सुटतं, म्हणजे धरणातून ठरवून पाणी सोडतात, आणि कोरड्या वाळूत खुर्ची टाकून बसलेला माणूस डोह आणि येणारं पाणी यांच्या मध्ये अडकतो. आवर्तनाची तारीख पेपरात येते, ती बघूनच निघा. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यात एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावरून पाणी. मासा अडकला म्हणून पाण्यात उतरणं हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा हट्ट आहे.

## टप्पा २: सामान घरीच तपासायचं, काठावर नाही

हे काम आदल्या रात्री करा. काठावर गेल्यावर पाणी दिसलं की कुणाचाच धीर राहत नाही, मग जे हाताला लागेल ते बांधून फेकलं जातं.

लाइन. कार्पसाठी ०.३० ते ०.३५ मिलिमीटरची साधी नायलॉन लाइन, म्हणजे आपलं तंगूस, पुरतं. पहिली वीस-पंचवीस हात लाइन अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून हळू ओढून बघायची. कुठे खरखरीत लागलं, चपटं लागलं, पांढुरकं दिसलं तर तेवढा तुकडा कापून टाका, मोह धरू नका. खडकावर आणि बाभळीच्या खोडावर घासलेली लाइन दिसायला बरी दिसते आणि ऐन वेळी तिथेच तुटते. उन्हाने पण नायलॉन कमजोर होतं, आणि जळगाव-भुसावळचं ऊन मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातं हे सांगायला नको.

स्पूलवर, म्हणजे रीलच्या ज्या चाकावर लाइन गुंडाळतो त्यावर, ती किती भरली हेही बघा. काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली एवढी भरलेली पाहिजे. कमी असेल तर फेक लांब जात नाही आणि माणूस ताकद लावून लावून शिसं तोडून टाकतो, जास्त असेल तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो.

रॉडच्या कड्या. यासाठी खान्देशात घरोघरी असलेली वस्तू वापरा, कापूस. छोटं बोंड प्रत्येक कडीतून फिरवून ओढायचं. कडीला बारीक चीर असेल तर तंतू तिथे अडकतो. डोळ्याला न दिसणारी हीच चीर लाइन कापत असते आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो की लाइन डुप्लिकेट दिली.

गळ. ६ किंवा ८ नंबरचा, मोठ्या मक्याच्या दाण्याला ४ नंबर पण चालतो. लक्षात ठेवा, नंबर वाढला की गळ लहान होतो, नवीन लोक दुकानात उलटं मागतात. टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून सरकवा, घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं. बोथट गळ घासत बसण्यापेक्षा नवीन लावा, गळाची किंमत ती काय.

रील. हँडल फिरवून ऐका, वाळूचा करकर आवाज आला तर तसंच नेऊ नका. बेल, म्हणजे लाइन सोडताना उलटा करतो तो वायरचा दांडा, नीट बंद होतोय ना तेही बघा.

तपासा: चिमटा, कात्री, मासा ठेवायला जाड मऊ फोम, मोठ्या तोंडाचं हातजाळं, पाण्याची बादली, टोपी, पिण्याचं पाणी. यातलं हातजाळं आणि फोम लोक हमखास विसरतात, आणि रॉड मात्र तीन-तीन घेऊन जातात.

## टप्पा ३: गाठ आणि मांडणी

हे पण घरीच. तळाच्या मासेमारीसाठी सगळ्यात साधी आणि भरवशाची मांडणी म्हणजे सरकतं शिसं. मुख्य लाइनीत आधी भोकाचं शिसं ओवायचं, ४० ते ६० ग्रॅम, नंतर एक रबरी मणी, मग स्विव्हल, म्हणजे पीळ न पडू देणारी फिरती कडी, बांधायचं, आणि स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा आणि त्याला गळ. मासा आमिष उचलून निघाला की लाइन शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही. आणि समजा लाइन तुटलीच तर शिसं घसरून पडतं, मासा ते ओढत फिरून कुठे अडकून मरत नाही. शिसं पक्कं गाठीत बांधून टाकणारे खूप आहेत, ते करू नका.

मका किंवा हरभरा लावायचा असेल तर गळाला दाणा टोचू नका. गळाच्या मागे बारीक दोऱ्याचं एक-दीड सेंटिमीटरचं शेपूट ठेवायचं आणि दाणा त्या शेपटावर ओवायचा, याला हेअर रिग म्हणतात. कार्प तोंडाने आमिष ओढून घेतो, नको वाटलं की फुंकून टाकतो, तेव्हा मोकळा राहिलेला गळ खालच्या ओठात रुततो. गळ दाण्यात पूर्ण गाडलेला असेल तर तो दाण्यासकट बाहेर येतो आणि तुम्हाला रॉडच्या टोकावर नुसता एक टिचका दिसतो.

आता गाठ. क्लिंच येत असेल तर क्लिंच, पालोमर येत असेल तर पालोमर, एकच गाठ शिका पण ती अंधारात बांधता आली पाहिजे. आवळायच्या आधी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घासून गरम होते आणि नायलॉन तिथेच मरतं. सुटलेल्या मोठ्या माशाच्या गोष्टी ऐकताना मी नेहमी विचारतो, लाइनीचं टोक कसं दिसत होतं? टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली, खरखरीत असेल तर घासून तुटली. मासा किती किलोचा होता यापेक्षा हे टोक बघणं जास्त कामाचं आहे, कारण पुढच्या वेळी काय सुधारायचं ते तिथेच लिहिलेलं असतं.

स्प्रिंगच्या, म्हणजे कणीक भरायच्या तारेच्या गुंडाळीच्या, चारी बाजूंनी चार-चार गळ लावायची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती सोडा असं माझं स्पष्ट मत आहे. एक गळ तोंडात आणि दुसरा डोळ्यात किंवा कल्ल्यात लागतो, लहान मासा सोडायचा म्हटलं तरी जगत नाही, आणि तडफडणाऱ्या माशाबरोबर उरलेला गळ तुमच्या तळहातात शिरतो. स्प्रिंग वापरा, पण गळ एकच.

तपासा: गळ एखाद्या लाकडी खुंटीत अडकवून लाइन हाताला फडकं गुंडाळून ओढा. तुटायची असेल तर घरी तुटू दे.

## टप्पा ४: आमिष आणि चारा

आमिष गळाला, चारा पाण्यात. दोन्ही एकच समजून एकच गोळा मळणं ही पहिली चूक. चारा सुटा होऊन पसरला पाहिजे, आमिष टिकलं पाहिजे.

चाऱ्यासाठी मक्याचा भरडा, सरकीची ढेप किंवा शेंगदाण्याची पेंड कुटून, थोडी कणीक चिकटपणापुरती, आणि गूळ घातला तर थोडासाच. पाणी एकदम ओतू नका. शिंपडायचं, हाताने चोळायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, परत शिंपडायचं. ढेप पाणी उशिरा पिते, म्हणून सुरुवातीला कोरडं वाटलेलं मिश्रण नंतर बरोबर होतं आणि सुरुवातीला बरोबर वाटलेल्याचा नंतर चिखल होतो. मूठ दाबली की गोळा व्हावा, अंगठ्याने ढकललं की फुटावा.

गळाच्या कणकेला घट्टपणा जास्त. पिकलेलं केळं कुस्करून घालायला काहीच हरकत नाही, आपल्याकडे केळ्याला काय तोटा, पण केळ्याने कणीक सैल होते तर पीठ वाढवावं लागतं.

तपासा: बादलीभर पाण्यात दोन्ही गोळे सोडा आणि घड्याळ बघा. चाऱ्याचा गोळा दहा-वीस मिनिटांत उलगडायला लागला पाहिजे, गळावरची कणीक अर्धा तास तरी धरून राहिली पाहिजे. ही बादलीची परीक्षा न देता निघालेला माणूस अर्धा दिवस नुसत्या गळावर बसलेला असतो आणि त्याला ते माहीतही नसतं.

मका वापरणार असाल तर सुका मका २४ तास भिजवा, मग अर्धा तास उकळा, आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. नखाने दाबला तर दबला पाहिजे. न भिजवलेले, न शिजवलेले सुके दाणे चारा म्हणून फेकू नका, ते माशाच्या पोटात जाऊन फुगतात आणि कार्पला आपल्यासारखं जठर नसतं. हरभऱ्याचंही तेच, रात्रभर भिजवून मऊ शिजवायचा. शिजवलेला मका दोन दिवसांनी आंबूस झाला तर चालतो, काळी बुरशी आली तर फेकून द्या.

कणीक सारखी कुरतडून जात असेल तर खाली चिलापी किंवा बारीक मासे आहेत. तेव्हा परत परत कणीक लावत बसू नका, मक्याचे दोन दाणे नाहीतर हरभरा लावा. बारीक तोंडाला ते जात नाहीत.

कटल्यासाठी हे सगळं तळाला टाकून उपयोग नाही. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा बोंडूक, लावून आमिष अर्ध्या खोलीवर किंवा त्याच्याही वर धरायचं आणि कणीक मऊ, ढगासारखी सुटणारी ठेवायची.

## टप्पा ५: जागा शोधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पोचल्या पोचल्या रॉड काढू नका, निदान अर्धा तास नुसतं पाणी बघा. कार्प तळ उकरतो तेव्हा बारीक बुडबुड्यांचा पुंजका वर येतो आणि हळूहळू सरकतो. एकाच जागी थांबून थांबून मोठे बुडबुडे येत असतील तर तो बहुतेक गाळातला वायू, मासा नाही. कुठे पाणी एकदम गढूळ झालेलं दिसतं, कुठे पाठ लोळते, पहाटे कुठे धप्प आवाज येतो. वारा ज्या काठावर लाटा आपटवतो तिकडे खाणं गोळा होतं, म्हणून वारं तोंडावर घेऊन बसायला कंटाळू नका. माणसं पाठीवर वारं घेऊन सावलीत बसतात, कारण फेकायला सोपं जातं, आणि मासे समोरच्या काठाला.

धरणात गाळपेर लक्षात ठेवा. उन्हाळ्यात पाणी हटतं तशी त्या जमिनीवर पिकं घेतली जातात, आणि पावसाळ्यात पाणी परत चढलं की ती धसकटं, तण, किडे सगळं पाण्याखाली जातं. पाणी चढत असताना कॉमन कार्प कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा तिथे चरायला येतो आणि लोक मात्र खोल पाण्यात लांब लांब फेकत बसतात. उन्हाळ्यात उलटं, पाणी आटलेलं असतं तेव्हा जुन्या नदीपात्राची कड शोधा. गिरणेवर जामदा, दहिगाव यांसारख्या बंधाऱ्यांच्या वरच्या बाजूला पाणी साठून राहतं आणि पुढेमागे डोह असतात, तिथेही हाच हिशोब.

तळ कसा आहे ते शिशावरून कळतं. नुसतं शिसं बांधून फेका, लाइन ताणून धरा, ते तळाला टेकताना टक्क लागलं तर कडक जमीन किंवा खडक, मऊ थप्प लागून ओढताना चिकटलं तर गाळ. पडायला किती वेळ लागतो ते मोजलं की खोलीचा अंदाज येतो. गाळ असेल तर शिसं हलकं करा आणि गळाचा तुकडा लांब करा, नाहीतर आमिष गाळात गाडलं जातं.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मे मध्ये पहाट आणि संध्याकाळ, दुपारी माणसालाही सोसत नाही आणि माशालाही. डिसेंबर-जानेवारीत थंड पाण्यात कार्प कमी खातो, तेव्हा पहाटे कुडकुडत बसण्यापेक्षा दुपारी अकरानंतर जा आणि चारा निम्म्यावर आणा. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते भुकेले नाहीत, पाण्यात ऑक्सिजन कमी पडलाय. तिथे त्या दिवशी गळ टाकू नका.

सावधान: जागा निवडताना वर बघा. कार्बनच्या रॉडमधून वीज जाते. नदीकाठच्या शेतात विजेच्या तारा खाली लोंबकळलेल्या असतात, तिथे रॉड उभा धरून चालू नका, फेकू तर अजिबात नका. काठावरच्या पाण्याच्या मोटारींच्या केबल जोडलेल्या, सोललेल्या असतात, त्यांच्याजवळ ओल्यात पाय ठेवू नका. लाइट गेलेली आहे म्हणून बिनधास्त राहू नका, ती कधीही येते. वळवाच्या पावसात गडगडलं की रॉड खाली ठेवून लांब व्हा.

## टप्पा ६: फेकणं आणि थांबणं

आधी थोडा चारा, लिंबाएवढे सात-आठ गोळे, मग गळ. पोतंभर ढेप पहिल्या तासात ओतली तर मासे पोट भरून निघून जातात आणि उरलेलं कुजून तळ खराब होतो. लागत गेलं तर भर घाला.

दरवेळी त्याच जागी गळ पडला पाहिजे. पलीकडच्या काठावरचं एखादं झाड नजरेत धरा आणि अंतरासाठी लाइनीवर रंगीत दोऱ्याची बारीक गाठ मारा. स्पूलच्या क्लिपमध्ये लाइन अडकवून अंतर धरत असाल तर फेकल्यावर ती क्लिपमधून काढायला विसरू नका. मोठा मासा पळाला आणि लाइन क्लिपमध्ये असेल तर तुटणारच, दुसरं काही होत नाही.

बेल हाताने बंद करा, हँडल फिरवून नको. लाइनीला पीळ कमी पडतो.

मग ड्रॅग. अंदाजाने नव्हे, काटा लावून सांगतो. लाइन ६ किलोची, म्हणजे ६ किलोच्या ओढीला तुटणारी असेल तर ड्रॅग दीड ते दोन किलोवर सुटला पाहिजे. भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता स्प्रिंगकाटा लाइनीला अडकवून ओढला की कळतं. एकदा हाताला ती ओढ ओळखीची झाली की काटा लागत नाही. आणि रॉड स्टँडवर ठेवून चहाला जाताना तर ड्रॅग आणखी सैल करा. ओळखीतल्या कितीतरी जणांचे रॉड कार्पने स्टँडवरून उचलून पाण्यात नेलेत, नवा कोरा रॉड-रील, आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "दोनच मिनिटं गेलो होतो."

थांबणं म्हणजे दर पाच मिनिटांनी ओढून बघणं नाही. आमिष टिकतंय हे बादलीत बघितलंय ना, मग वीस-पंचवीस मिनिटं हात लावू नका. काठावर दणदण चालणं, दगड फेकणं, मोबाईलवर गाणी लावणं बंद. कार्पला पाण्यातून जमिनीचे हादरे कळतात.

## टप्पा ७: लागल्यावर

टिचके येतात तेव्हा हिसका मारू नका. लाइन सरळ सरकायला लागली किंवा रॉडचं टोक वाकून तसंच राहिलं की रॉड दमदारपणे उचला, एवढंच. डोक्यावरून मारलेल्या झटक्याने मऊ ओठ फाटतो.

मासा पळतोय तोवर रील फिरवायचं नाही. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवलं तर मासा एक इंच जवळ येत नाही आणि लाइनीला मात्र पीळ भरतो, पुढच्या प्रत्येक फेकीला गुंता. तो थांबला की रॉड हळू उचलायचा, मग रॉड खाली आणता आणता लाइन गुंडाळायची, परत उचलायचा. बाभळीकडे पळाला तर रॉड आडवा करून उलट्या बाजूला ताण द्या, लाइन ढिली कधी सोडू नका.

शेवटचे दोन-चार हात सगळ्यात धोक्याचे. काठ दिसला की कार्प पुन्हा एकदा पूर्ण ताकदीने पळतो, आणि नेमकं तेव्हाच माणूस घाईने ड्रॅग आवळतो. आवळू नका, जमलं तर किंचित सैल करा. हातजाळं आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा त्यावर आणा, जाळं घेऊन माशामागे धावू नका. आत आला की दांड्याने उचलू नका, दांडा मोडतो, जाळ्याची कड दोन्ही हातांनी धरून उचला. आणि लाइन हातात धरून मासा काठावर खेचणं तर बिलकुल नाही.

## टप्पा ८: हातातला मासा

हात ओले, फोम ओला, मग मासा. कोरड्या हाताने आणि तापलेल्या दगडावर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेल्या माशाला नंतर रोग लागतो. गोणपाट खरखरीत असतं, ते टाळा. चिमट्याने गळ ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने काढा. खूप आत गेला असेल तर ओढाताण न करता लाइन जवळून कापा.

सोडायचा असेल तर कल्ल्यात बोटं घालून फोटो काढू नका. पाण्यात सरळ धरून ठेवा, तो स्वतः शेपूट मारून निघेल तेव्हाच सोडा. फेकायचा नाही. खायला न्यायचा असेल तर लगेच मारा आणि बर्फात ठेवा, उन्हात पिशवीत तडफडत ठेवलेला मासा चवीलाही उतरतो. लहान मासे सोडाच, संस्थेचं बीज आहे ते.

## टप्पा ९: घरी आल्यावर सामान

थकून येतो, रॉड कोपऱ्यात टेकवतो, आणि पुढच्या वेळी टप्पा २ मधल्या सगळ्या भानगडी इथूनच निघतात.

गिरणेची बारीक वाळू रीलचा शत्रू. रील पाण्यात बुडवून धुवू नका, वाळू आणखी आत जाते. ड्रॅगचं बटण आवळा, ओल्या फडक्याने बाहेरून पुसा, सुकवा, मग लाइन ज्या छोट्या चाकावरून वळते तिथे आणि हँडलच्या सांध्यात मशीनच्या तेलाचा एकच थेंब. आत गिअरला ग्रीस लागतं, तेल नाही, आणि उघडता येत नसेल तर वर्षातून एकदा जाणत्या माणसाला द्या. ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करायचा. आवळून ठेवला तर आतल्या चकत्या दबून बसतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग अडखळत, झटके देत सुटतो.

रॉड पुसून, सुकवूनच कव्हरमध्ये घाला. दोन तुकडे एकमेकांत फसत असतील तर जोडावर मेणबत्ती किंचित घासा, तेल लावू नका. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत रॉड-रील राहिलं तर लाइन जाते आणि कड्या चिकटवलेला गोंद सुटायला लागतो, म्हणून पोचल्या पोचल्या घरात आणा. पत्र्याच्या शेडमध्येही नको. वापरलेले गळ सुकवून वेगळ्या डबीत, नव्या डबीत एक ओला गळ गेला की सगळ्या डबीला गंज. हातजाळं सावलीत वाळवा, त्याच्या दोऱ्यात अडकलेलं शेवाळ काढा.

कापलेली लाइन काठावर टाकायची नाही, स्वतःची नाही आणि दुसऱ्याची दिसली तर तीही उचलून आणा. हतनूरला हिवाळ्यात पक्षी येतात, त्यांच्या पायात हेच तंगूस अडकतं. घरी आणून कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करा आणि मग कचऱ्यात टाका. नियमित जाणाऱ्याने पूर्ण लाइन वर्षातून एकदा बदलावी, उन्हाळा संपल्यावर, आणि नवीन भरताना ओल्या फडक्यातून ताण देत भरावी म्हणजे स्पूलवर सैल बसत नाही.